एअरबॅगचा दिवा विझत नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘घालवून देतो’

धायरीकर

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून 2015 सालची पेट्रोल हॅचबॅक घेतली. नोंदणी एमएच 08 ची आहे, पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग आहेत आणि विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ही ‘डॉक्टरांची, एकाच हाताने चाललेली’ गाडी आहे. पुण्यात विकायला येणारी प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

गेल्या तीन आठवड्यांपासून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा, म्हणजे बसलेल्या माणसापुढे फुगा दाखवणारे ते चिन्ह, गाडी सुरू केल्यावर विझतच नाही. गाडी चालण्यात काही फरक जाणवत नाही. जवळच्या इलेक्ट्रिशियनने गाडीत नुसते डोकावून ‘बॅग गेली असेल, पाचशे रुपयांत दिवा घालवून देतो’ असे सांगितले. दिव्याचे कारण शोधण्याबद्दल मात्र तो काहीच बोलला नाही, म्हणून मी तूर्त थांबलो आहे.

दिवा लागलेला असताना एअरबॅग काम करते की नाही? पुढच्या शनिवारी पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीसह खंबाटकीमार्गे साताऱ्याला जायचे आहे, ते योग्य ठरेल का? आणि गाडीच्या देखभालीत माझी मजल पेट्रोल भरणे आणि गाडी धुणे यापलीकडे गेलेली नसल्यामुळे, मालकाने स्वतः निदान काय पाहावे, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

तारांचा कारभार

मी 19 वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे. आधी एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आणि आता वारज्यात स्वतःच्या गॅरेजमध्ये.

आधी दिव्याचे काम समजून घ्या. किल्ली फिरवली की एअरबॅगचा मॉड्यूल, म्हणजे तिचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, स्वतःची आणि जोडलेल्या प्रत्येक विद्युत मंडलाची (सर्किटची) तपासणी करतो, तेवढे काही सेकंद दिवा लागतो आणि सर्व ठीक असल्यास विझतो. तो विझत नाही, याचा अर्थ मॉड्यूलला कुठेतरी दोष सापडला आहे आणि त्याने तो नोंदवून ठेवला आहे. अशा अवस्थेत धडक झाल्यास बॅग फुगेल असे धरून चालू नये. काही गाड्यांत एका मंडलाच्या दोषामुळे संपूर्ण यंत्रणा बंद ठेवली जाते.

आता ‘दिवा घालवणे’ म्हणजे काय ते सांगतो, कारण हा धंदा मी जवळून पाहिला आहे. बॅग फुगवणारे मिश्रण पेटवणाऱ्या घटकाचा विद्युत रोध साधारण दोन ते तीन ओहम असतो आणि मॉड्यूल तोच मोजत राहतो. काही कारागीर बॅगेचा कपलर (तारांचा जोड) काढून तिथे त्याच मापाचा, पाच-दहा रुपयांचा रेझिस्टन्स खोचतात. मॉड्यूलला बॅग जागेवर आहे असे वाटते, दिवा नेमाने लागतो आणि नेमाने विझतो, परंतु त्या तारेच्या टोकाला बॅगच नसते. याहून आळशी कारागीर मीटर उघडून दिव्याचाच प्रकाश बंद करतात. म्हणून जुनी गाडी घेताना दिवा विझतो का एवढेच न पाहता, किल्ली फिरवल्यावर तो आधी लागतो का, हेही पाहिले पाहिजे.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी कळल्या तर बरे होईल. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणे चालू आहेत का? स्टिअरिंगमागे क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते. ती तुटली की एअरबॅगच्या दिव्याबरोबर बहुधा हॉर्नही जातो. दुसरे म्हणजे, अलीकडे आतली सफाई करून घेतली आहे का? पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर असतो आणि व्हॅक्यूमच्या नळीचा धक्का लागून तो सैल झाल्याची उदाहरणे माझ्याकडे दर महिन्याला येतात. मात्र पिवळ्या कपलरला स्वतः हात लावू नका. बॅटरी काढल्यावरही मॉड्यूलमध्ये काही काळ विद्युतभार साठलेला असतो, त्यामुळे आम्हीसुद्धा थांबूनच काम सुरू करतो, आणि त्या मंडलाला साधा मल्टिमीटर कधीही लावत नाही.

मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे दोष वाचतात. एअरबॅगचा कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच जा.

नाना पेठ

साताऱ्याला जायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण एक गोष्ट विसरू नका, की एअरबॅग ही सीटबेल्टला पूरक म्हणून बसवलेली असते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या हिशेबानुसार कारच्या पुढच्या आसनावरच्या माणसाच्या मृत्यूचा धोका बेल्टमुळे सुमारे 45 टक्क्यांनी घटतो. बॅग धडकेनंतर साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत पूर्ण फुगते. बेल्ट न लावलेला माणूस तेवढ्या वेळात पुढे फेकला जाऊन फुगत्या बॅगेवरच आदळतो, आणि मग जिने वाचवायचे तिचाच फटका बसतो. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे. आपल्याकडे स्टिअरिंगला पोट टेकवून चालवणारे काका पुष्कळ दिसतात; त्यांना हे सांगून पाहिले आहे, उपयोग होत नाही.

मुलीला मागेच बसवा, मुलांच्या सीटवर पट्ट्यात बसवा, आणि ‘जरा वेळ’ म्हणूनही पुढे मांडीवर घेऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलांना बेल्ट किंवा मुलांचे आसन वापरणे मोटार वाहन कायद्यानेच बंधनकारक केलेले आहे. मागच्या मोठ्या माणसांनीही बेल्ट लावावा. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता.

जाता जाता, डावीकडच्या डॅशबोर्डवर ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरे जिथे उठवलेली असतात, नेमक्या त्याच झाकणावर दुतर्फा टेपने चिकटवलेला गणपती मी या पेठेतल्या किमान निम्म्या गाड्यांत पाहतो. ते झाकण फाडून बॅग बाहेर येते. बाप्पाला मधोमध, झाकणापासून दूर बसवावे. अत्तराची बाटलीही तिथे नको.

धायरीकर

दोघांचेही आभार. हॉर्न आणि बटणे व्यवस्थित चालतात. आतली सफाई मात्र खरोखरच महिन्याभरापूर्वी करून घेतली होती. काल एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा चालकाच्या बाजूच्या बेल्ट प्रिटेन्शनरच्या (धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढणाऱ्या भागाच्या) मंडलात रोध जास्त असल्याचा कोड आला. कपलर बाहेर काढल्यावर त्याच्या पिनांवर हिरवट थर दिसला. तिथल्या मेकॅनिकनी तो पुसला, दिवा एक दिवस विझला आणि आज पुन्हा लागला. कपलर एवढा गंजण्याचे कारण मात्र त्यांना सांगता आले नाही.

वाशिष्ठीकाठ

मी मूळचा चिपळूणचा असल्यामुळे, तुमचा एमएच 08 हा उल्लेख वाचल्यापासून मनात जे आले ते लिहितो. एमएच 08 म्हणजे रत्नागिरी जिल्हा, आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर त्या वाळवल्या गेल्या, पॉलिश झाल्या आणि पुढच्या काळात त्यांपैकी कित्येक घाटावर विकल्या गेल्या. तुमची गाडी त्यांतलीच आहे असे मी म्हणत नाही. पुण्यातही जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्याच होत्या, तेव्हा नंबर कोणताही असो, तपासलेले बरे.

तपासणी सोपी आहे. पुढचा सीटबेल्ट सावकाश, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. विकणारा माणूस सीट धुतो, कार्पेट बदलतो, परंतु रिळात गुंडाळलेला पट्टा सहसा कोणी धूत नाही. नंतर सीटच्या रुळांचे बोल्ट पाहा आणि डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखाली बोट फिरवा. गाडीची 2021-22 ची विमा पॉलिसी आणि तिच्यानंतरच्या वर्षाची पॉलिसी मिळाली, तर त्यांतला नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा ताडून पाहा. चढत जाणारा बोनस एकदम शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी बहुधा विम्याचा दावा झालेला आहे.

धायरीकर

आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. पट्ट्याचा वरचा भाग काळाभोर आणि स्वच्छ आहे. शेवटचा साधारण हातभर भाग मात्र ताठर झालेला असून त्यावर आडवी तपकिरी रेघ आहे, आणि नखाने खरवडल्यावर मैद्यासारखी बारीक माती निघाली. सीटचे बोल्ट पिवळसर गंजलेले आहेत. पॉलिसीच्या प्रती विक्रेत्याकडे मागितल्या आहेत. तो ‘बघतो’ म्हणाला आहे.

तारांचा कारभार

मग कपलर पुसून हा प्रश्न सुटणार नाही. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा मॉड्यूल गिअरजवळच्या मधल्या कन्सोलखाली, जमिनीला लागून बसवलेला असतो. धडकेचा अचूक झटका मोजण्यासाठी ती जागा योग्य असते, पण गाडीत पाणी शिरले की सर्वांत आधी बुडणाऱ्यांतही तोच असतो. गढूळ पाणी पिनांत गेले की गंज वर्षानुवर्षे हळूहळू वाढत राहतो. तुमच्या गाडीत आज एकच कोड दिसतो आहे, पुढे आणखी दिसू शकतात. मॉड्यूल उघडून पिना तपासायला सांगा, दोन्ही बाजूंचे प्रिटेन्शनरसह बेल्ट बदला आणि मॉड्यूल भिजलेला निघाल्यास तोही नवाच घ्या.

खर्च पाहून जुने सुटे भाग शोधण्याचा मोह होईल. आरसा, दिवा, दाराची मूठ जुनी घेतली तर मी स्वतः नाक मुरडत नाही, पण एअरबॅग, मॉड्यूल आणि बेल्ट जुने घेऊ नका. धडक झालेल्या गाडीतला मॉड्यूल अपघाताची नोंद साठवून ठेवतो आणि जुन्या बॅगेने किती ऊन-पाणी पाहिले आहे, हे बाहेरून कळत नाही. जपानच्या ताकाता कंपनीचे प्रकरण यातूनच झाले. तिच्या इन्फ्लेटरमधले (बॅग फुगवणाऱ्या भागातले) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत गेले, बॅग फुगताना धातूचे कवचच फुटून त्याचे तुकडे माणसांना लागले, जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातल्या गाड्याही त्यात होत्या. तुमच्या गाडीचा 17 अक्षरांचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून, किंवा सर्व्हिस सेंटरला देऊन, तिच्यावर कोणते रिकॉल शिल्लक आहे का ते पाहून घ्या. रिकॉलचे काम दुसऱ्या-तिसऱ्या मालकासाठीही विनामूल्य होते.

पहाटेचा फेरफटका

एअरबॅगबद्दल जाणकारांनी लिहिले आहेच. प्रश्नाचा देखभालीचा भाग मागे पडला आहे, म्हणून लिहितो. मी महिन्यातून एका रविवारी सकाळी, गाडी कुठेही न नेता, अर्धा तास देतो. टायर थंड असताना हवा पाहतो. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पत्रकावर लिहिलेले असते, पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर जाऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, ‘2318’ असेल तर 2018 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुना रबर तडकतो, आणि कमी चालणाऱ्या ‘डॉक्टरांच्या’ गाड्यांत हाच घोटाळा असतो. कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन रेघांमध्ये हवी. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

तुम्हाला घाटात जायचे आहे म्हणून ब्रेक ऑइलबद्दल थोडे अधिक लिहितो. ते हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे ते कमी होत नसले तरी साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. ओलावा शिरलेले ऑइल लांब उतारावर ब्रेक तापले की उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी मऊ पडून तळाला जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. उतार खालच्या गिअरमध्येच उतरायचा असतो. पाण्यात बुडालेल्या गाडीचे ब्रेक ऑइल तर मी साताऱ्याला निघण्याआधीच बदलले असते.

बोनेट उघडलेच आहे तर बॅटरीवर उंदरांच्या लेंड्या आहेत का, तेही पाहा. आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात तीन गाड्यांच्या तारा कुरतडल्या गेल्या.

धायरीकर

साताऱ्याला आम्ही एसटीने जाऊन आलो. अधिकृत सर्व्हिस सेंटरने मॉड्यूल उघडला; त्याच्या पिनांवरही तोच हिरवट थर होता. मॉड्यूल, दोन्ही बेल्ट आणि ब्रेक ऑइल बदलले आहे, रिकॉल शिल्लक नाही. बिल गाडीच्या किमतीच्या मानाने बोचणारे आहे. आता किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो आणि मी मोजले त्याप्रमाणे सहाव्या सेकंदाला विझतो. विक्रेता अजून ‘बघतो’ म्हणतो आहे, म्हणून गाळाची रेघ असलेला जुना बेल्ट रिळासकट मागून घेऊन शनिवारी त्याच्या टेबलावर ठेवायचा विचार आहे.

तारांचा कारभार

बेल्ट घरी आणू नका. त्या रिळातल्या प्रिटेन्शनरमध्ये स्फोटक भरलेले असते आणि भिजलेले असले तरी ते निकामी झाले आहे असे समजता येत नाही. चेसिस क्रमांकासह फोटो काढा, सर्व्हिस सेंटरकडून बिलावर कारण लिहून घ्या आणि रीळ तिथेच राहू द्या.

धायरीकर

बरे झाले वेळेत लिहिलेत, रीळ डिकीत ठेवले होते. आत्ता परत देऊन आलो.