‘कितला दिननी सुटी?’ : दिवाळीत नोकरी शोधणाऱ्या खान्देशी लोकांचा अनुभव धागा

दिवाळीला गावी आलं की स्टँडवरून घरी पोचेपर्यंत तीन जण तरी विचारतात, “कितला दिननी सुटी?” नोकरी असली की उत्तर सोपं. नसली की पंचाईत. २०२३ च्या दिवाळीत मी सगळ्यांना “आठ दिवस” सांगत हिंडलो. आठ दिवस उलटल्यावर “वाढवून घेतली” म्हणालो.

मी अमळनेर तालुक्यातला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून क्वालिटीला होतो. सप्टेंबरअखेर ठेकेदाराने आमचे गेटपास जमा करून घेतले. “दिवाळीनंतर बोलावतो.” मग जिथे अर्ज टाकला तिथेही तेच, दिवाळीनंतर बघू. दसऱ्यापासून अख्खा महाराष्ट्र हे एकच वाक्य बोलत असतो. पाच आठवडे खोलीचं भाडं भरून शेवटी धनत्रयोदशीला दुप्पट तिकिटाच्या ट्रॅव्हल्सने घरी आलो. घरी कापसाची वेचणी चाललेली. मजूर मिळत नव्हते म्हणून वडील खूश, “बरं झालं लवकर आला.” त्यांना काय सांगणार?

भाऊबीज होती १५ नोव्हेंबरला, बुधवारी. बहिणीकडे पाटावर बसलो होतो, तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि फोन वाजला. बंगळुरूचा नंबर. दोन महिन्यांपूर्वी केलेल्या अर्जाचं उत्तर, आणि तेही व्हिडिओवर. तिच्या घरात रेंज नाही. जिना चढून गच्चीवर गेलो, तिथेही नाही, मग पाण्याच्या टाकीवर चढून बसलो. कपाळावर ओलं कुंकू, भुवईत दोन तांदूळ अडकलेले, खाली गल्लीत पोरांचे सुतळी बॉम्ब. समोरच्या बाईंनी विचारलं, “तुमच्याकडे अजून सुरूच आहे का?” त्यांची दिवाळी पाडव्याला आटोपली होती, भाऊबीज त्यांच्या गावीही नव्हती. चाळीस मिनिटं बोललो. खाली आलो तर दिव्यातलं तेल संपलेलं आणि बहीण ताट घेऊन तशीच बसलेली. डिसेंबरात रुजू झालो.

आपल्याकडे सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरायचा. नोकरी सोडायची-धरायची ती त्या दिवशी, सगळ्या गावाला माहीत. आता तसा दिवस राहिला नाही, म्हणून हा धागा काढतोय. सणासुदीत काम शोधताना तुमचं काय झालं ते लिहा. कंपनीचं, शेठचं नाव नको. अहिराणीत लिहिलं तरी चालेल.

उधना पॅसेंजर

भो, आमचा हिशोब निराळा. सुरतच्या कापड मार्केटात दिवाळी झाली की लाभपाचमपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) शटर खाली. तेवढ्यात जाऊन उपयोग नाही. मी नंदुरबारकडचा, २०१९ पर्यंत रिंग रोडच्या एका दुकानात साड्यांची पार्सलं बांधायचो. दिवाळीचा हिशोब देताना शेठ म्हणाला, “लाभपाचम के बाद देखते हैं.” हे ऐकलं की समजायचं, आपलं बिस्तर गुंडाळलं.

पण लाभपाचमची सकाळ फार कामाची. त्या दिवशी मुहूर्ताने दुकानं उघडतात, पूजा होते, वहीत पहिलं बिल फाडतात. अशा दिवशी शेठ लोक कुणाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी आदल्या रात्रीच पोचलो, सकाळी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला आणि एकेक दुकान घेतलं. सहा दुकानांत पेढा मिळाला, काम सातव्यात.

आणि खरी खबर सुरतेत मिळत नाही, गावी मिळते. सुरतचे उधना, लिंबायत, डिंडोली हे भाग म्हणजे निम्मा खान्देश. ते सगळे दिवाळीला घरी येतात. कोणाच्या दुकानातला पोऱ्या परत जाणार नाही, कोणी स्वतःचं मशीन टाकतोय, हे चकली खाताखाता कळतं.

धागाकर्ता

@उधना पॅसेंजर, सहा पेढे! नोकरी नसती मिळाली तरी नाश्ता झाला असता.

नावे-जमा

मी जळगावात हिशोबाचं काम करते. बोनसबद्दल लिहिते, कारण यात बायका फार फसतात (पुरुषही, पण ते सांगत नाहीत).

मला दुसरीकडे चांगली जागा मिळत होती, त्यांना ऑक्टोबरात माणूस हवा होता. राजीनामा दिला तर मालक म्हणाले, “दिवाळीआधी जाणाऱ्याला बोनस नसतो.” असं दरडावून सांगतात की आपल्यालाच वाटतं, नसेल. मी हिशोबनीस, दुसऱ्यांचे बोनस मीच काढलेले, तरी क्षणभर मलाही तसंच वाटलं! मग घरी येऊन शांतपणे बघितलं. १९६५ चा बोनस कायदा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत हाच लागू होता) दिवाळीचं नावही घेत नव्हता. तो बोलायचा हिशोबी वर्षाबद्दल. वीस किंवा जास्त माणसं असलेली जागा, एकवीस हजारांपर्यंत पगार, वर्षात किमान ३० दिवस काम, तर किमान ८.३३ टक्के. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, म्हणजे मार्चला वर्ष संपलं तर नोव्हेंबरअखेर. मी मार्चपर्यंतचं अख्खं वर्ष भरलं होतं. मी ऑक्टोबरात गेले म्हणून ते वर्ष कुठे जातं?

भांडले नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला, वरची आकडेमोड खाली मांडली, पोच घेतली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पैसे खात्यात आले. सोनपापडीचा डबा मात्र बाकी सगळ्यांना दिला, मला नाही.

शिरपूरची पण नाशिकला

मी टेबलाच्या पलीकडून लिहिते, नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात भरती बघते.

‘दिवाळीत काही होत नाही’ हे अर्धंच खरं. मुलाखती होत नाहीत, कारण ज्यांनी घ्यायच्या ते साहेब गावी. पण जागा तेव्हाच रिकाम्या होतात. बोनस खात्यात पडला की सुट्टीवरून परत न येणारे असतातच. सोमवारी कारखाना सुरू होतो आणि लाइनवर चार माणसं कमी. त्या सोमवारी माझा फोन तापलेला असतो. मी आधी कुणाला लावते? ज्याचा अर्ज इनबॉक्समध्ये वरच आहे आणि ज्याने ‘लगेच येऊ शकतो’ असं लिहिलंय. म्हणून सुट्टी संपायच्या आदल्या रविवारी अर्ज पाठवा. धनत्रयोदशीला पाठवलेला शुभेच्छांच्या मेलांखाली गाडला जातो.

नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना दिवाळी काय न होळी काय.

आणि कृपा करून, ‘गावी आहे, रेंज नाही’ हे आधीच कळवा. पाण्याच्या टाकीवरून बोलणारा उमेदवार मला चालतो, फोन न उचलणारा नाही.

गुलाबी कागद

जळगावच्या सराफ बाजाराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून?

एमबीए करून सहा महिने घरी होतो. दसऱ्याच्या आधी एका पेढीत पंधरा-वीस दिवसांसाठी पोरं घेत होते. काम काय, तर विकलेला दागिना गुलाबी कागदात बांधायचा, डबी द्यायची, गर्दीत पाणी फिरवायचं. आई म्हणाली, “एमबीए करून पाणी?” तरी गेलो. धनत्रयोदशीला सकाळी उभा राहिलो तो रात्री साडेअकराला बसलो. बोटांना त्या कागदाचा रंग लागतो, घाम आला की जास्तच. घरी जेवताना भाकरीला गुलाबी बोटं उमटली.

त्या गर्दीत एक आजोबा आले होते, अर्ध्या ग्रॅमचं काहीतरी हवं होतं नातीला. सगळे मोठ्या गिऱ्हाइकात गुंतलेले. मी त्यांना बसवलं, काउंटरवरच्या माणसाकडून तीन वस्तू मागून दाखवल्या. मालकांनी ते लांबून बघितलं असावं. पाडव्याला हिशोब घ्यायला गेलो तर म्हणाले, “तुळशीच्या लग्नानंतर ये, लग्नसराई आहे.” तिसरं वर्ष आहे तिथे. एमबीएचा उपयोग विचारू नका.

वजनकाटा

मेकॅनिकल झालोय. दिवाळीला नोकरी नव्हती म्हणून धरणगावकडे एका जिनिंगमध्ये काट्यावर बसलो. आपल्याकडे हंगाम तेव्हाच चढतो, जिनिंगला माणूस लागतोच. ट्रॅक्टर काट्यावर घ्यायचा, कापसात ओलावा मापायचा. आठ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यावर भाव उतरतो, बारापुढे सरकारी खरेदी परतच पाठवते. शेतकरी पहाटे दवात वेचलेला कापूस आणतो आणि मशीनवर साडेअकरा आलं की माझ्याकडे असं बघतो जणू पाणी मीच ओतलं.

पुढे मुलाखतीत विचारलं, “या चार महिन्यांच्या गॅपमध्ये काय केलं?” मी आधी लपवलं होतं. मग सांगितलं, काटा, ओलावा, रोज शंभरेक भांडणं. त्यावरच अर्धा तास गेला. ड्रॉइंगबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

पाचकंदील

मी धुळ्याचा. माझं थोडक्यात. वसुबारसेला फोन, “सिलेक्शन झालं, लॅपटॉपचं डिपॉझिट २५०० आजच भरा, उद्यापासून ऑफिसला सुट्टी.” भरले. घाई खरी वाटली कारण सुट्टी खरीच होती. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पैसे आले नाहीत. घरी अजून सांगितलेलं नाही, फटाके कमी आणले एवढंच.

शिरपूरची पण नाशिकला

@पाचकंदील, नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. डिपॉझिट, गणवेश, ट्रेनिंग, काहीही म्हणोत.

दादरची भाकर

मी आई म्हणून लिहिते. मुलगा पुण्याला कंप्युटरात होता, दिवाळीआधी काढलं. त्याने आम्हाला सांगितलं, पण मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, वर्क फ्रॉम होम आहे. समोरची म्हणाली, “मग लॅपटॉपवर दिसत नाही कधी?” हे त्याच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून पोरगा दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर लॅपटॉप उघडून बसायला लागला, माझी लाज राखायला. येणारे-जाणारे बघायचे. मी दोनदा चहा नेऊन द्यायची, मोठ्याने विचारायची, “मीटिंग झाली का?” दोन-तीन दिवस आम्ही खूप हसलो. मग नुसतं बसून काय करणार म्हणून खरेच अर्ज भरायला लागला.

दोन मुलाखती झाल्या, दोन्हीकडून काही कळलं नाही. उद्या नाशिकला तिसरी आहे, पहाटेची गाडी. भरीत आणि कळण्याची भाकर बांधून देते म्हटलं तर नको म्हणतो, डब्यात वास सुटतो म्हणे. वांगी भाजून ठेवली आहेत.