आधी टर्कीचं लेबल वाचा

थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरात गुरुवारी येणारा अमेरिकी सण) टर्की, म्हणजे कोंबडीसारखा मोठा पक्षी, अख्खी भाजतात. ती आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली की कोरडी होत नाही, असं बरेच जण सांगतात, ते बरोबर. पण अमेरिकेत मिळणाऱ्या बऱ्याच फ्रोझन टर्कींत मिठाचं पाणी आधीच टोचून भरलेलं असतं. ती पुन्हा मिठात घातली तर खारट होते आणि ग्रेव्ही तर खाववत नाही. साधी टर्की असेल तर कोरडं मीठच चोळा: 5 पौंडांना अर्धा टेबलस्पून बारीक मीठ, मग दोन दिवस फ्रिजमध्ये उघडी. कातडी सुकते, म्हणून कुरकुरीत होते. पाण्यात भिजलेली लिबलिबीत राहते. 12 पौंडांची गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला तीन दिवस लागतात, वर मिठाचे दोन दिवस, म्हणजे गुरुवारसाठी शनिवारीच फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढायची.

आणि पौंडाला अमुक मिनिटं हा हिशोब सोडून थर्मामीटर घ्या. छाती 165 फॅरनहाइटला तयार होते, मांडीला मऊ व्हायला 175 लागतात. मांडीची वाट बघताना छाती वाळते. कात्रीने पाठीचा कणा काढून टर्की चपटी पसरली, तर दोन्ही जवळपास एकत्र शिजतात, ओव्हनमध्ये 450 फॅरनहाइटवर साधारण दीड तासात. कणा ग्रेव्हीच्या स्टॉकला (हाडं उकळून काढलेल्या रश्शाला) वापरा.