मदत हवी आहे: मशीन तापलं त्या रात्री अंड्यांत नेमकं काय बिघडलं?

नमस्कार मंडळी. प्रश्न कोंबडीच्या अंड्यांचा आहे, पण नफ्यातोट्याचा नाही. थोडं लांबेल, कृपया पूर्ण वाचा.

आम्ही सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ राहतो. परसात वीस-बावीस गावरान कोंबड्या आहेत. खुडूक कोंबडी एका वेळी दहा-बारा अंड्यांवरच बसते, म्हणून गेल्या वर्षी एका कारागिराकडून छोटं उबवणी मशीन करून घेतलं. चार बॅचा छान निघाल्या. पाचवीला हे झालं.

रविवारी संध्याकाळी सहाला ४८ अंडी ठेवली. मशीन ३७.५ अंशांवर. सोमवारी रात्री एकच्या सुमाराला उठून अंडी फिरवली, तेव्हा आकडा ठीक होता. मंगळवारी सकाळी सहाला बघते तर ४०.८! थर्मोस्टॅट अडकला होता. झाकण उघडलं, पंखा लावला, अर्ध्या तासात खाली आणलं. आठव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तर नऊ अंडी नुसती पिवळी, म्हणजे फळलीच नव्हती. बाकी ३९.

एकविसाव्या दिवशी २६ पिल्लं धडधाकट निघाली. चार मात्र वेगळी. दोघांना डावा डोळाच नाही. डोळा मिटलेला नाही, खाचच नाही, तिथे सरळ लव आली आहे. त्यातलं एक दाणा टिपायच्या आधी मान पूर्ण डावीकडे वळवतं, उजव्या डोळ्याने नीट बघून घेतं आणि मग चोच मारतं. तिसऱ्याची चोच कात्रीसारखी, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. चौथ्याच्या डोक्याची टाळू उघडी होती, मेंदू दिसत होता, ते दोन तासांत गेलं. नऊ अंडी फुटलीच नाहीत. ती मी पुरण्याआधी एकेक उघडून पाहिली. दोघांची कवटी वरून उघडी, मेंदू जांभळट लाल, बाहेर आलेला. आणि बाकीचं अंग पूर्ण! पंख, पाय, पायांची नखंसुद्धा. ती नखं बघून मला रडू आलं.

मला विचारायचंय ते हे. ताप सगळ्यांना एकच लागला, मग एकाचा डोळा, एकाची चोच, एकाचा मेंदू असं का? आणि २६ जणांना काहीच का नाही? त्या वेळी तर आत डोळाही नव्हता आणि चोचही नव्हती. जे अजून झालंच नाही ते बिघडतं कसं? मुलगा नववीत आहे, त्याचा वेगळा प्रश्न: सगळ्या पेशी एकाच पेशीपासून झाल्या आणि सगळ्यांत तीच माहिती आहे, तर डोळ्याच्या पेशीला कळतं कसं की आपण डोळा व्हायचं?

सासूबाई म्हणतात अमावस्येला अंडी ठेवलीस. हे मी सोडून दिलं असतं. पण माझ्या नणंदेच्या मुलाचा ओठ जन्मतः फाटलेला होता. ऑपरेशन होऊन आता तो छान आहे, पण "ग्रहणात भाजी चिरलीस" हे तिला आजही ऐकावं लागतं. ती कात्रीसारखी चोच बघितल्यापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. मला खरं कारण समजून घ्यायचंय. कुणी जाणकार असेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी बारा वर्षं गावरान पिल्लं करतोय. आधी कामाचं सांगतो. मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, अंड्याच्या उंचीला वेगळा थर्मामीटर ठेवा. पहिला थर्मोस्टॅट अडकला तर वीज तोडणारा दुसरा बसवून घ्या, खर्च फार नाही. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका, जाड टोक वर करून गार जागी ठेवा.

कात्रीचोचीच्या पिल्लाला खोल भांड्यात ओलं खाद्य द्या. सपाट जमिनीवरचा दाणा त्याला उचलता येत नाही, भांड्यातलं ओरपता येतं. मोठं झालं तर त्याची वीण घेऊ नका.

आणि एक विचारतो, राग मानू नका. कोंबडा किती वर्षं तोच आहे? बापलेकीची वीण झाली तरी अशी चोच येते. सगळं तापावर ढकलू नका.

प्रतिसाद २

ताई, मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमची वेळेची नोंद वाचून पहिल्यांदा घड्याळ मांडलं. रविवार संध्याकाळी सहा ते मंगळवार पहाटे एक म्हणजे ३१ तास. सहाला ३६. कोंबडीच्या गर्भाच्या सगळ्या एकवीस दिवसांत इतके नाजूक पाच तास शोधून सापडणार नाहीत.

त्याआधी एक समजून घ्या. अंडं मशीनमध्ये जातं तेव्हा शून्यापासून सुरुवात नसते. फळलेलं बीज कोंबडीच्या पोटात दिवसभर असतं, तिथेच वाढ चालू होते. अंडं घातलं जातं तेव्हा बलकावरच्या तीन-चार मिलिमीटरच्या पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. गार जागी ठेवलं की त्या थांबून राहतात. ऊब मिळाली की पुढचं काम सुरू.

पहिल्या अठरा तासांत त्या सपाट चकतीच्या मधोमध एक रेघ उमटते. पेशी त्या रेघेतून खाली उतरतात आणि तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी आणि मज्जासंस्था, मधल्यातून स्नायू, हाडं, हृदय, आतल्यातून आतडी आणि यकृत. मग पाठीवरच्या पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा मधोमध जुळून नळी होते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू. डोक्याच्या बाजूची नळी साधारण २६ ते ३० तासांच्या आसपास मिटू लागते. त्या वेळी कडा जुळल्या नाहीत तर पुढे त्यावर कवटी धरत नाही. तुमच्या त्या दोन अंड्यांत हेच दिसतंय. नखं झाली, कारण नखांचं काम वेगळ्या वेळी, वेगळ्या पेशींनी केलं.

३३ तासांच्या सुमाराला त्या नळीच्या पुढच्या टोकाला दोन्हीकडे फुगे येतात. ते डोळे. इथे तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, त्याला जवळ बसवून वाचून दाखवा.

बाळा, डोळ्यातलं भिंग त्या फुग्यापासून होत नाही, वरच्या कातडीपासून होतं. फुगा कातडीला जाऊन टेकतो आणि तिथली कातडी भिंग होऊ लागते. १९०१ मध्ये जर्मनीत हान्स श्पेमान यांनी बेडकाच्या गर्भातला तो फुगा काढून टाकला, तर वरच्या कातडीने भिंग केलंच नाही. माहिती त्या कातडीतही सगळी होती, पण शेजाऱ्याचा निरोप आला नाही. म्हणून ताई, फुगा बिघडला की नुसता एक भाग जात नाही, पुढची सगळी साखळी तुटते. खाच नसून सपाट लव दिसते ती यामुळे.

हा निरोप किती जोरदार असतो ते १९२४ मध्ये कळलं. हिल्डे मांगोल्ड या श्पेमान यांच्या विद्यार्थिनीने एका न्यूटच्या, म्हणजे पाण्यातल्या सरड्यासारख्या उभयचराच्या, गर्भातला टिचभर तुकडा दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरं डोकं-पाठ असलेलं अंग उगवलं, पोटाला जोडलेलं जुळं. दोन्ही जातींचा रंग वेगळा होता, त्यामुळे कळलं की नवं अंग बरंचसं यजमानाच्याच पेशींचं आहे. ज्यांची पोटाची कातडी व्हायची, त्यांनी मेंदू केला! श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. हिल्डे मात्र निबंध छापून आला त्याच वर्षी, घरातल्या हीटरचा भडका उडून भाजल्या आणि वयाच्या २५व्या वर्षी गेल्या. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज जड व्हायचा.

पेशीचं ठरतं कसं, यासाठी मी आपल्याच डोंगराचं उदाहरण देत असे. महाबळेश्वरच्या माथ्यावर एक थेंब पडतो तो सावित्रीतून अरबी समुद्राला जातो. वीतभर पलीकडे पडलेला कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. पाणी तेच. माथ्यावर असेपर्यंत वाऱ्याच्या झुळकेनेही बाजू बदलते. एकदा वाईपर्यंत उतरला की आता त्याला कोकण नाही. पेशीही अशीच एकेका फाट्यावर वळत खाली उतरते आणि वळताना नको असलेल्या सूचना मिटून ठेवते. मिटते, फाडत नाही. १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक अंड्यात घातलं आणि त्यातून पूर्ण पिल्लं वाढली. सगळी माहिती शाबूत होती.

डोंगरउताराचं हे चित्र मूळ ब्रिटिश गर्भशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांचं, १९५७चं. त्यांच्याकडे एडिंबरोला काम करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास रुजवला. त्या परंपरेतल्या शिक्षकांकडे मी शिकलो. अंड्याचा पातळ पडदा काचेच्या कड्यावर ताणून वॉच ग्लासमध्ये गर्भ वाढवायचा. पहिल्यांदा हृदयाची नळी धडकताना बघितली, तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे.

आता २६ जणं वाचली कशी? अंडी एकाच दिवशी घातलेली नव्हती ना? जुनं अंडं दिवसामागे साधारण तासभर मागे पडतं. शिवाय ट्रेच्या कडेला आणि मध्ये ताप सारखा नसतो. अंड्यांवर तारखा घातल्या असतील तर वही काढून बघा.

धागाकर्ती

सर, हात जोडून आभार. मुलाने करंजी आणि महाबळेश्वर दोन्ही वहीत उतरवून घेतलंय.

मी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख घालते आणि टरफलं अजून टोपलीत होती. बसून जुळवलं. मेंदू उघडे असलेले तिन्ही सगळ्यात जुन्या अंड्यांतले, नऊ आणि दहा दिवसांचे. डोळा नसलेले दोन्ही ताज्या अंड्यांतले, एक आदल्या दिवशीचं, एक दोन दिवसांचं. म्हणजे जुनी अंडी त्या रात्री नळी मिटायच्या वेळी होती आणि ताजी डोळ्याच्या वेळी? मला काटाच आला.

आणि प्रतिसाद १ मधल्या दादांना: कोंबडा तीन वर्षं तोच आहे. तुम्ही म्हणता ते खरं असणार. या महिन्यात बदलते. कात्रीचोच खोल वाटीतून खाऊ लागलीय.

प्रतिसाद ३

मूळ धाग्यातल्या नणंदेसाठी लिहितेय. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

ताई, चोच आणि ओठ यांचं तुम्हाला वाटलेलं नातं खरं आहे. सरांनी सांगितलेली नळी मिटते तेव्हा तिच्या कडेवरून काही पेशी सुटून प्रवासाला निघतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं त्यांचीच. २००३ मध्ये लावा पक्ष्याच्या या पेशी बदकाच्या गर्भात बसवल्या, तर बदकाला लाव्याची चोच आली. माणसातही त्याच पेशी. बाळाचा वरचा ओठ मधून आणि दोन्ही बाजूंनी आलेले भाग जुळून होतो, आणि हे गर्भाच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात होतं. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. ग्रहणाचा, विळीचा, भाजीचा त्याच्याशी काही संबंध नाही. बहुतेक वेळा अनेक जनुकं आणि इतर गोष्टी मिळून ते घडतं, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. आणि आईच्या चुकीवर तर नाहीच. हे त्यांना माझ्या नावाने ठामपणे सांगा.

घरात कुणी पुढे बाळाचा विचार करत असेल तर हेही सांगा. माणसाची ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणून ती नीट मिटावी यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायचं असतं, कळल्यावर सुरू केलं तर बराच उशीर झालेला असतो. आधी नळी नीट न मिटलेलं बाळ झालं असेल तर मात्रा वेगळी, ती डॉक्टर ठरवतात. पहिल्या महिन्यातला जोराचा तापही अंगावर काढू नये.

प्रतिसाद ४ (निवृत्त शिक्षक)

ताई, टरफलं जुळवलीत, शाबास. माझ्या किती विद्यार्थ्यांनी हे केलं नसतं. पण पाच अंड्यांवरून सिद्ध झालं असं म्हणू नका. जुनं अंडं एरवीही अशक्त असतं, तेही कारण असू शकतं. दिशा बरोबर आहे इतकं म्हणा.

धागाकर्ती

समजलं सर. डॉक्टर ताई, तुमचा प्रतिसाद नणंदेला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाचवा आठवडा म्हणजे ग्रहणाच्या कितीतरी आधी." तिने मनात तारखा कधीच मोजून ठेवलेल्या होत्या.

रविवारी नवी बॅच ठेवतेय, सगळी अंडी पाच दिवसांच्या आतली, दुसरा थर्मोस्टॅट बसवून. मुलाला हृदय बघायचंय. कितव्या दिवशी दिसेल?

प्रतिसाद ५ (निवृत्त शिक्षक)

धडधड दुसऱ्या दिवशीच सुरू होते, पण टरफलाबाहेरून दिसायला चौथ्या दिवसाची रात्र धरा. पांढरं टरफल निवडा, खोलीत पूर्ण अंधार करा, टॉर्च जाड टोकाला लावा. आधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतील. त्यांच्या मधोमध लाल ठिपका शोधा आणि हात स्थिर ठेवा, तो उडताना दिसेल. ॲरिस्टॉटलनेही रोज एक अंडं फोडून तोच ठिपका बघितला होता, तुम्हाला तर फोडायचीही गरज नाही. अर्ध्या मिनिटात बघून अंडं परत आत ठेवा, गार पडू देऊ नका.