पतसंस्थेतील वसुली कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य : तज्ज्ञांकडून नेमके कोणते काम करून घ्यावे?

प्रश्न – पतसंस्था व्यवस्थापक, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी एका ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. आमच्या शाखा आठवडी बाजाराच्या गावांत असून कर्जदारांत कापूस-सोयाबीन पिकवणारे शेतकरी, किराणा दुकानदार, ऑटोचालक आणि शिवणकाम करणाऱ्या महिला आहेत. वसुलीचे काम करणारी मुले याच गावांतली असल्यामुळे, ज्याच्या दारात थकबाकीची नोटीस घेऊन जायचे तो पुष्कळदा नात्यातला किंवा शाळेतला सोबतीच निघतो.

मागील हंगामात आमच्या एका कर्जदाराने आत्महत्या केली. त्याच्यावर इतर ठिकाणचेही कर्ज होते आणि घरात दीर्घ आजारपण होते. मात्र त्याच आठवड्यात त्याच्याकडे जाऊन आलेल्या आमच्या वसुली लिपिकाने या घटनेचा धसका घेतला आहे. तो त्या गावाचा रस्ता टाळतो, फिल्डवर निघताना गाडी सुरू करून बराच वेळ तसाच बसून राहतो, आणि विचारले तर एवढेच सांगतो, "साहेब, मले आता कोनाच्या दारात उभं राहवत नाही." इतरांचीही स्थिती फार बरी आहे असे नाही, मार्चअखेर जवळ येऊ लागली की रजेचे अर्ज वाढतात आणि शाखाशाखांमध्ये किरकोळ कारणावरून खटके उडतात.

संचालक मंडळाने नागपूरहून एक तज्ज्ञ बोलावून सर्व कर्मचाऱ्यांसाठी तणाव व्यवस्थापनावर एक दिवसाचे व्याख्यान ठेवण्याचे ठरवले आहे. त्यांच्या मनात कळकळ आहे, पण एका व्याख्यानाने काय साधेल, ही शंका मला सतावते. असा तज्ज्ञ निवडताना काय पाहावे, त्यांच्याकडून कोणते काम करून घ्यावे आणि त्या लिपिकासाठी आज काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सर्वांकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घ्यावी, अशी एका संचालकांची सूचना आहे. ती योग्य आहे काय?

उत्तर 1 – मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती, अमरावती

व्यवस्थापक साहेब, आधी त्या लिपिकाविषयी लिहिते, कारण त्याला व्याख्यानाच्या तारखेपर्यंत थांबवणे योग्य होणार नाही. कार्यालयात सर्वांसमोर न बोलता त्याला बाजूला घेऊन निवांत बसवा आणि झोप, जेवण, दारूचे प्रमाण आणि घरातले वातावरण यांविषयी विचारा. त्यानंतर "जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचा विचार येतो का," हेही सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने बहुतेकांना हायसे वाटते. उत्तरातून जिवाविषयी थोडीही काळजी वाटली तर त्याला एकटे सोडू नका, घरच्या विश्वासाच्या माणसाला सोबत घ्या आणि त्याच दिवशी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्या. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास टेली-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. केंद्र शासनाची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू असून ती निःशुल्क आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीतून बोलता येते.

त्याने जे अनुभवले आहे त्यात दुःख, अपराधभाव आणि भीती या तिन्ही गोष्टी एकत्र असतात. आत्महत्येमागे बहुधा अनेक कारणे गुंतलेली असतात, हे त्याला समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज आहे. "तुझी काही चूक नाही, विसरून जा" असे घाईने म्हणून ती गरज भागत नाही. त्या गावाची वसुली काही काळ दुसऱ्याकडे द्यावी, परंतु त्याला विचारून द्यावी. न विचारता काम काढून घेतले तर तो शिक्षा झाली असेच समजेल.

आता तज्ज्ञ कोण, याविषयी. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ तपासणी आणि मानसोपचार करतात. माझ्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्या कुटुंब, नोकरी, कर्ज आणि गाव यांच्याशी माणसाचा जो संबंध असतो त्यावर काम करतात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि 1996 पासून त्याच्या अंतर्गत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला जाऊ लागला. कामाच्या ठिकाणचा ताण आणि आत्महत्या प्रतिबंध हेही या कार्यक्रमाचे विषय आहेत, त्यामुळे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला आपण रीतसर पत्र देऊ शकता. नागपूरचे पाहुणे एक दिवस येऊन जातील. उपचाराची पुढची वाट जिल्ह्यातच असायला हवी, म्हणून दोन्हीकडचा संपर्क आधीच जुळवून घ्या.

प्रश्नावलीची सूचना मात्र मी सध्या बाजूला ठेवण्यास सांगेन. नैराश्यासाठी वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे, पण ती मागील दोन आठवड्यांची लक्षणे विचारते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. शिवाय भरलेला कागद व्यवस्थापकाच्या टेबलावर येणार असेल तर खरे कोणी लिहिणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत नोकरीत असताना अशी चाचपणी करण्याच्या बाजूने किंवा विरोधात शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले आहे. त्याच सूचनांमध्ये व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस मात्र ठामपणे केली आहे. म्हणून व्याख्यानाचा पैसा सर्वांना सभागृहात बसवण्यावर खर्च करण्यापेक्षा आपण स्वतः, शाखाधिकारी आणि वसुलीप्रमुख यांच्या प्रशिक्षणावर खर्च करा, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे किती काम करू शकतात हे आपल्या विदर्भातच दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात स्थानिक कार्यकर्त्यांना समुपदेशनासाठी तयार केले गेले आणि गरजेप्रमाणे पुढे तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय ठेवली गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. तज्ज्ञाने स्वतः किती माणसे तपासली यापेक्षा त्याच्यामागे गावात कोण तयार होऊन उरले, हे मी अधिक मोलाचे मानते.

उत्तर 2 – संस्थात्मक मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वर्धा

ताईंच्या उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. मला भर घालायची आहे ती कामाच्या रचनेविषयी, कारण कर्मचाऱ्याला श्वसनाचे व्यायाम शिकवायचे आणि त्याला आजारी करणारे काम तसेच ठेवायचे, ही पद्धत मला कधीही पटलेली नाही.

रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने 1979 साली एक मांडणी केली, ती आपल्या वसुली लिपिकाला तंतोतंत लागू पडते. ज्या कामात अपेक्षा फार मोठ्या आणि निर्णयाचा अधिकार फार थोडा, ते काम माणसाला सर्वाधिक पोखरते, असे त्यांनी दाखवले. आपला लिपिक दारात उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे आकडा असतो, मुदत असते, वरिष्ठांचा फोन असतो. परंतु समोरच्या बाईने "मुलगी दवाखान्यात आहे, पुढच्या बाजाराला निम्मे देते" असे सांगितले तर त्यावर हो म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो नुसता निरोप्या असतो, आणि शिव्याशाप मात्र त्यालाच मिळतात. हप्त्याची तारीख ठरावीक मर्यादेत पुढे ढकलण्याचा लेखी अधिकार जरी त्याला दिला, तरी त्याच्या छातीवरचे ओझे बरेच हलके होईल.

दुसरी गोष्ट उद्दिष्टांच्या वेळापत्रकाची. आपल्याकडे कापूस घरी येतो तो साधारण दिवाळीच्या सुमारास, आणि सोयाबीन त्याच्या थोडे आधी. जून-जुलैत बी-बियाणे आणि खत घेऊन शेतकऱ्याचा हात रिकामा झालेला असतो. असे असताना वर्षाच्या थकबाकीला बाराने भागून प्रत्येक महिन्याला सारखेच उद्दिष्ट लावणे म्हणजे पावसाळ्यात कर्मचाऱ्याला हमखास अपयशी ठरवणे होय. उद्दिष्टे पिकाच्या हिशेबाने लावण्याचा निर्णय संचालक मंडळाच्या एका ठरावाने होऊ शकतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

तिसरी गोष्ट सोमवारच्या आढावा बैठकीची, जी मी अनेक संस्थांत जवळून पाहिली आहे. वसुलीप्रमुख वही उघडतात, एकेका माणसाला नाव घेऊन उभे करतात, आकडा मोठ्याने वाचतात, आणि कमी भरला असेल तर "पगार कशाचा घेता" हा प्रश्न सर्वांसमोर येतो. उभा असलेला माणूस फरशीकडे पाहत राहतो आणि बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मोबाइलमध्ये तोंड घालतात. आपण बोलावलेल्या तज्ज्ञांना व्याख्यानाआधी अशा एका बैठकीत गुपचूप बसू द्या. जो तज्ज्ञ "मला तुमची बैठक पाहायची आहे, फिल्डवर जाऊन यायचे आहे, रजा आणि बदल्यांची नोंदवही बघायची आहे" असे स्वतःहून मागेल, त्यालाच काम द्या. जो फक्त प्रोजेक्टर आणि माइक मागेल त्याला नम्रपणे नकार कळवा. कामाच्या ठिकाणच्या मानसिक सुरक्षिततेसाठी 2021 साली आलेल्या आयएसओ 45003 या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकाचाही गाभा हाच आहे की, धोका आधी कामाच्या आखणीत शोधावा.

वेळेचीही शिस्त हवी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांच्या प्रतिनिधींना वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करण्यास मनाई केली. पतसंस्थांवर तिचे थेट नियंत्रण नसले तरी हा नियम आपण स्वतःहून स्वीकारावा. त्याने कर्जदाराची इज्जत राखली जाते आणि कर्मचाऱ्यालाही संध्याकाळी आपल्या लेकरांजवळ बसता येते. तसेच वसुलीसाठी शक्यतो दोघांनी मिळून जावे, म्हणजे एकट्यावर प्रसंग ओढवणार नाही.

उत्तर 3 – वसुली कर्मचारी, वाशीम जिल्हा

मी स्वतः हे काम करतो, म्हणून लिहीत आहे. प्राध्यापक साहेबांची बहुतेक मते मला पटली, परंतु दोघांनी मिळून जाण्याविषयी माझे मत वेगळे आहे. आमच्याकडे एखाद्याच्या अंगणात दोन गाड्या थांबल्या की शेजारचे लोक ओट्यावर येऊन उभे राहतात आणि त्या माणसाची लाज चव्हाट्यावर येते. मी एकटा जातो, गाडी थोडी लांब लावतो, चहा दिला तर घेतो, आधी पीकपाण्याची चौकशी करतो आणि मग हप्त्याचे बोलतो. जिथे दारू पिऊन अंगावर येणारा माणूस आहे तिथे जोडीदार हवाच, सरसकट नको.

कलम 101 च्या प्रकरणांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या या कलमाखाली वसुली दाखला मिळाला की पुढे जप्तीपर्यंत मजल जाते आणि त्या दिवशी घरातल्या बायकांचे रडणे ज्याने ऐकले त्याला रात्री झोप लागत नाही. वसुली अधिकाऱ्याला जावेच लागते, कारण ठेवी ठेवणाराही गरीबच असतो आणि त्याचे पैसे परत यायला हवेत, हे आम्हाला कळते. तरी अशा कामावरून परतल्यावर त्याच दिवशी दुसरी प्रकरणे हाती देऊ नयेत आणि वरिष्ठांपैकी कोणीतरी पाच-दहा मिनिटे समोर बसवून "कसे झाले" एवढे तरी विचारावे. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तिथे जप्तीवरून आलो की फक्त पंचनाम्याची प्रत मागितली जात असे.

समुपदेशनाविषयी आमच्या मनात मोठी भीती असते ती बोभाटा होण्याची. तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यासमोर कोणाची गाडी दिसली की दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा होते, आणि सोयरीक जुळवताना तीच गोष्ट आडवी येते. त्यामुळे तज्ज्ञ कितीही नावाजलेले असले तरी, आम्ही काय बोललो ते साहेबांना कळणार नाही याची लेखी हमी असेल तरच कर्मचारी तोंड उघडतील.

उत्तर 4 – प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लिपिकाशी काल संध्याकाळी त्याच्या शेतात बसून बोललो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे थेट विचारले. जिवाविषयी तसा विचार नाही, पण रात्री झोप नाही आणि त्या घराचे अंगण डोळ्यांसमोरून हलत नाही, असे तो म्हणाला. तो आणि त्याचे मोठे भाऊ बुधवारी यवतमाळला रुग्णालयात जाण्यास तयार झाले आहेत. त्या गावाची वसुली कोणाकडे द्यावी हे त्यानेच सुचवले.

पुढील मासिक सभेत मी पीकहंगामानुसार उद्दिष्टे, तारीख वाढवण्याचा मर्यादित अधिकार आणि सायंकाळी 7 नंतर वसुलीचे फोन बंद, हे तीन विषय मांडणार आहे. सोमवारची बैठक तर सभेची वाट न पाहता मीच बदलू शकतो; आकडे आता प्रत्येकाशी वेगळे बोलेन. एकच विचारायचे राहिले. गुप्ततेची जी लेखी हमी वाशीमच्या दादांनी मागितली आहे, ती कशी लिहावी?

उत्तर 5 – मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती, अमरावती

बुधवारी जाण्याचे ठरले, हे वाचून फार बरे वाटले. त्या दिवसाची रजा वैद्यकीय कारण एवढेच लिहून मंजूर करा आणि नोंदवहीत विभागाचे नाव लिहू नका.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 नुसार उपचार घेणाऱ्याला आपली माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ते बंधन आहे. तज्ज्ञांशी कराराचे पत्र लिहिताना त्यात असे नमूद करा की, कोणत्या कर्मचाऱ्याने भेट घेतली आणि तो काय बोलला याची कोणतीही माहिती संस्थेला दिली जाणार नाही. संस्थेला फक्त कामाच्या पद्धतीत कोणते बदल हवेत याविषयीचा एकत्रित अहवाल मिळेल. कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेवढ्यापुरताच अपवाद ठेवा आणि त्या वेळी कोणाला कळवायचे ते कर्मचाऱ्याने आधी स्वतः लिहून द्यावे. शाखा लहान असल्या तर शाखानिहाय अहवालही मागू नका, कारण तीन-चार माणसांत कोण कोणाबद्दल बोलले हे लगेच ओळखू येते. भेटीची जागा संस्थेच्या कार्यालयात न ठेवता फोनवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवा. पत्राची एक प्रत प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाती द्या आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्या.