झाडीपट्टीच्या खलनायकांनी निळू फुले यांच्याकडून नेमकं काय घेतलं?

वैनगंगाकाठ (वडसा)
आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, धान निघालं, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात मंडप, बसायला तणीस, आणि रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत नाटक. यंदा जी नाटकं पाहिली, त्यातल्या बहुतेकांत एक पाटील होताच आणि तो हटकून निळूभाऊंच्या आवाजात बोलत होता. खर्जातला घोगरा सूर, एक डोळा बारीक, शेवटचा शब्द ओढायचा. टाळ्याही पडल्या. पण माझं स्पष्ट मत आहे की हा त्यांचा वारसा नाही. त्यांच्यात जे मोठं होतं तेच या नकलेतून गळून गेलंय.

‘सामना’ आठवा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत गेलेला सिनेमा. साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील दारुड्या मास्तरला घरी आणतो, त्याचा पाहुणचार करतो. धमकी नाही, आरडाओरडा नाही. सगळं गाव आपल्या मुठीत आहे हे माहीत असलेल्या माणसाचा निवांतपणा आहे. मग मास्तर, म्हणजे डॉ. लागू, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि तो निवांतपणा हळूहळू उसवत जातो. निळूभाऊंनी ते उसवणं नजरेतून आणि दोन शब्दांमधल्या थांबण्यातून दाखवलं. आपले नट ते थांबणंच गाळतात.

रातचा नट
भाऊ, मी हीच कामं करतो, म्हणून बोलतो. मंडपात बसून लिहिणं सोपं आहे. सिनेमात कॅमेरा माणसाच्या तोंडाशी येतो, पापणी हलली तरी दिसते. आमच्यापुढं पब्लिक पार बांधाच्या टोकापर्यंत बसलेलं असते, अर्धं थंडीनं गुरफटलेलं. रात्री दोन वाजता मी नुसती नजर फिरवली तर तिसऱ्या रांगेच्या पुढं काही जात नाही. आवाज चढवावाच लागतो जी. आणि लोकांनी त्यांचा आवाज ओळखला पाहिजे, ही मागणी लोकांचीच आहे. कंत्राट घेणारं मंडळ आधीच विचारते, “निळू फुलेसारखं करता ना?”

वैनगंगाकाठ (वडसा)
दादा, तुमची अडचण खरी आहे. पण निळूभाऊ काही कॅमेऱ्यापुढं जन्मले नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते आले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं नाव झालं, त्यानंतर 1968 साली ‘एक गाव बारा भानगडी’ मधला झेलेअण्णा. मागच्या रांगेपर्यंत पोचायचं कसं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही त्यांनी आवाज कमी केला, यातच त्यांची करामत आहे.

पांढरं सोनं (यवतमाळ)
मले तं हा सगळा वादच पटत नाही. निळू फुले मोठे नट, याच्यात दुमत नाही. पण त्यायच्या सिनेमातलं खेडं आमचं हाये काय? ऊस, कारखाना, चेअरमन, वाडा. आमच्या कापसाच्या पट्ट्यात हे सारं आम्ही पडद्यावरच पाह्यलं. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हंजे कापूस सरकारलेच विकाचा, तवापासून आमच्या बापाचं वर्ष ग्रेडरच्या हातात. गाड्यायची रांग लागे, ग्रेडर मुठीत कापूस घेऊन दाबून पाहे अन् भाव लावे. आमचा हिंदुराव तो! त्याच्यावर सिनेमा कोणी काढला? खेडं म्हणजे कोल्हापूर-सातारा असं साऱ्या महाराष्ट्राच्या डोक्यात बसलं, अन् ते बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा याच चेहऱ्याचा हाये.

वैनगंगाकाठ (वडसा)
दुखणं बरोबर सांगितलंत, पण त्याचं माप नटाच्या पदरात घालू नका. पुण्या-कोल्हापुरात सिनेमा निघत होता, तिथल्या लोकांनी तिथलं लिहिलं. आमच्या पूर्वेकडं तर पाटलापेक्षा मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, धाक मोठा होता. मालगुजारी गेली, त्यांच्या तळ्यांना आम्ही आजही मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो. मग झाडीपट्टीच्या लेखकानं मालगुजार का लिहू नये? 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, या रंगभूमीची ताकद दिल्लीनंही मानली. आता तरी उसाचा पाटील उसना आणायची गरज नाही.

सहज वाचक
सारखे पाटीलच का? ‘सिंहासन’ मधला पत्रकार दिगू टिपणीस बघा. सत्तेचा खेळ जवळून पाहून आतून मोडत जाणारा साधा माणूस. ‘जैत रे जैत’ मधला भगत बघा. माझ्या मते दिगूच त्यांचं सर्वात अवघड काम.

गोंदियाची शिक्षिका
इथं सगळे पुरुष अभिनयाची चिरफाड करताहेत, म्हणून लिहिते. माझी आजी व्हिडिओवर त्यांचा सिनेमा लागला की बोटं मोडायची. ती तिची दाद होती, मान्य. पण त्याच खोलीत मागं बसलेली पोरं बाईचा हात धरण्याच्या प्रसंगाला शिट्ट्या मारायची. दुसऱ्या दिवशी नळावर आम्हाला तोच सूर ऐकू यायचा, “वाड्यावर या” म्हणून. निळू फुले माणूस म्हणून मोठे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले, डॉ. लागूंसोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. तरीही त्या भूमिकांनी पोरांच्या तोंडी काय दिलं, हा प्रश्न उरतोच. ‘सामना’ सगळ्या गावानं पाहिला नाही, ते बाकीचे सिनेमे मात्र सगळ्यांनी पाहिले.

वैनगंगाकाठ (वडसा)
ताई, पटकथेत बाई निव्वळ भक्ष्य म्हणून लिहिली तर नट काय करणार? त्यांनी त्या माणसाला कधी देखणा केला नाही. त्याची किळस येईल असाच उभा केला.

गोंदियाची शिक्षिका
किळस मला आली. शिट्टी मारणाऱ्याला नाही आली.

रातचा नट
ताईंचं ऐकून मी आमच्या लेखकाशी बोललो. येत्या प्रयोगात वाड्यावरचा प्रवेश आवाज न चढवता करतो. वर माइक टांगलेले असतातच, ऐकू जाईल.

गोंदियाची शिक्षिका
दादा, आवाजाचं तुम्ही बघा. त्या प्रवेशात समोरच्या नटीला किती वाक्यं आहेत, तेवढं आधी सांगा.