सल्ला हवा: मोबाईलवरून कोण आलंय हे वेब ॲपला कळावं कसं? (बजेट नाही)

गूळखडा
नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत दुकानाचं वेब ॲप बघतोय. गुऱ्हाळवाले त्यावर आपली पट्टी बघतात: रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली, तोलाई, हातात किती. दिवाणजी कॉम्प्युटरवर नोंदी करतात. युजर-एजंटमध्ये (ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगणारी ओळ पाठवतो, त्यात) 'अँड्रॉइड', 'आयफोन', 'आयपॅड' हुडकून फोनचं पान वेगळं दाखवतोय. आता मालकांनी नवा आयपॅड घेतला, त्यावर दिवाणजींचं पान उघडतंय. काट्याजवळच्या अँड्रॉइड टॅबवर मात्र फोनचं. शेअर्ड होस्टिंग, पीएचपी. मालक वर एक रुपया देणार नाहीत.

उद्यमनगरी
सरळ ॲप करून घ्या, प्ले स्टोअरवरचं. आमच्या फाउंड्रीचं पुण्याहून करून घेतलं. दीड लाख गेले, पण विषय कट.

गूळखडा
दादा, एक रुपया म्हणालो मी.

पांढरा_रस्सा
दीड लाख?? आमच्या राजारामपुरीतला पोरगा चाळीस हजारात करतोय की.

उद्यमनगरी
आणि पुढल्या वर्षी फोन उचलत नाही तो पोरगा.

रंकाळाकाठ
मुद्द्यावर या. 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून आयपॅडची सफारी स्वतःला 'मॅकिंटॉश' म्हणवते, म्हणून तुमचं पान चुकतंय. सर्व्हरला हे कळायचं नाही. जावास्क्रिप्टमध्ये मॅक्सटचपॉइंट्स (स्क्रीन एकावेळी किती बोटं ओळखतो तो आकडा) बघा: मॅकला 0, आयपॅडला 5. पण 'मॅकिंटॉश' आणि टच दोन्ही असेल तरच आयपॅड धरा, नाहीतर टचवाले विंडोज लॅपटॉप पण आत येतील. टॅबचं सोपं आहे. क्रोममध्ये फोनच्या ओळीत 'अँड्रॉइड' आणि 'मोबाइल' दोन्ही असतात, टॅबच्या ओळीत 'मोबाइल' नसतं.

वैतागवाडी
कुणी मॉडेलवार यादी विकायला आलं तर दारातनंच परत पाठवा. आम्ही वर्षाची वर्गणी भरून घेतलेली, कुठला फोन, केवढा स्क्रीन, सगळं सांगायची. 2023 ला क्रोम 110 आलं आणि अँड्रॉइडवरचा दिसेल तो फोन 'अँड्रॉइड 10; के' व्हायला लागला. पंचवीस हजाराचा असो नाहीतर सात हजाराचा, सगळे 'के'. वर्गणी परत मागितली तर म्हणे नियमात बसत नाही.

रंकाळाकाठ
त्याच्या बदल्यात क्रोम क्लायंट हिंट पाठवतं, म्हणजे पान मागताना सोबतच्या हेडरमध्ये (माहितीच्या ओळीत) उपकरणाची थोडी माहिती. सेक-सीएच-यूए-मोबाइल या हेडरमध्ये ?1 आलं की फोन. सफारी आणि फायरफॉक्स पाठवत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा.

सीएसएस_ताई
मुळात हुडकायचंच कशाला? एकच पान ठेवा आणि मीडिया क्वेरी लावा, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम. 2012 पासून डब्ल्यू3सीचं (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाण आहे ते, नवीन काही नाही. आधी बघा, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान स्क्रीनच्या रुंदीएवढं धरा असं सांगणारी एचटीएमएलची ओळ) घातलाय का? नसेल तर आयफोन पान 980 पिक्सेल रुंद समजून आक्रसून दाखवतो आणि पट्टी मुंगीएवढी दिसते. रुंदी कमी झाली की टेबलाची प्रत्येक ओळ ब्लॉक करा: डावीकडं 'वजन', उजवीकडं आकडा. बोटानं चालवतात की माउसनं हे 'पॉइंटर: कोर्स' या मीडिया क्वेरीवरून कळतं. आणि इनपुटचा फॉन्ट 16 पिक्सेलच्या खाली नेऊ नका, आयफोन टॅप केल्या केल्या झूम करतो.

पांढरा_रस्सा
आयपॅड स्वतःला मॅक समजतो, म्हणून हुतंय असं. टच बघा.

रंकाळाकाठ
वर तेच लिहिलंय की भावा.

काटा_चोख
क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट'ची टिक राहिली की फोनच कॉम्प्युटर असल्याचं सांगतो, तुमचा युजर-एजंट गेला रंकाळ्यात. आमच्या मामांच्या फोनवर ती टिक कायम चालू, आणि काढलेली त्यांना चालत नाही. दोन पानं एकाच पत्त्यावर देत असाल तर व्हॅरी: युजर-एजंट हे हेडर पण लावा, नाहीतर मधला कॅशे (पानांची प्रत साठवणारा) फोनचं पान कॉम्प्युटरला वाढतो. ते जाऊ दे, पट्टी कागदावरच बरी. शेतकरी कागद खिशात घालतो, तुमचं ॲप नाही.

उद्यमनगरी
कागद भिजतो. आमचं ॲप नेट नसताना पण चालतं.

गूळखडा
सगळ्यांचे आभार. मालकांशी बोललो. फोन ओळखायचा कोडच काढून टाकतोय. दोन पत्ते करणार: पट्टीचा वेगळा, नोंदीचा वेगळा. पट्टीची लिंक गुऱ्हाळवाल्यांना व्हॉट्सॲपवर जाते तशीच जाईल, ती कशावरही उघडा, पट्टीच दिसेल. नोंदीची लिंक दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर आणि काट्याच्या टॅबवर बुकमार्क. मालकांच्या आयपॅडवर दोन्ही. ताईंचं व्ह्यूपोर्ट आणि 16 पिक्सेल तेवढं घेतलं.

रंकाळाकाठ
म्हणजे मी लिहिलेलं सगळं वाया.

सीएसएस_ताई
मीडिया क्वेरी तरीही लावा. उद्या दिवाणजी घरून फोनवर नोंद करायला बसले तर?

गूळखडा
दिवाणजींकडं बटणाचा फोन आहे, ताई.