आइसलंडच्या बँका बुडाल्या तेव्हा पैसे नेमके भरले कोणी?

कोपऱ्यातला हिशेबनीस (धागालेखक):

बँक बुडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी आइसलंडचा दाखला देतेच. त्यांनी बँका बुडू दिल्या, बँकवाल्यांना तुरुंगात धाडले आणि सामान्य माणसाला वाचवले, अशी ती तीन वाक्यांची गोष्ट असते. यातले प्रत्येक वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यावर बोलावे म्हणून हा धागा काढला आहे.

सुमारे ३ लाख २० हजार लोकसंख्येच्या या देशात ग्लिटनिर, लँड्सबँकी आणि काउपथिंग या तीन बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाला होता. बँकांनी कर्जे उचलली होती युरो-डॉलरमध्ये, आणि अडचणीच्या वेळी धावून येणारी मध्यवर्ती बँक छापू शकत होती फक्त क्रोना हे आइसलंडचे स्वतःचे चलन. ६ ऑक्टोबर २००८ रोजी पंतप्रधान गेइर हार्डे यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण केले, 'देव आइसलंडचे भले करो' असे म्हणून ते संपवले, त्याच दिवशी संसदेने तातडीचा कायदा केला आणि त्या आठवड्यात तिन्ही बँका सरकारी नियंत्रणाखाली गेल्या. 'बुडू दिल्या' असे म्हणणे म्हणजे नाइलाजाला तत्त्वाचा मुलामा देणे आहे, कारण आदल्याच आठवड्यात सरकारने ग्लिटनिरचा ७५ टक्के हिस्सा विकत घेऊन ती वाचवण्याची घोषणा केली होती. ऐपत असती तर उरलेल्या दोन्हीही वाचवल्या असत्या.

मग पैसे भरले कोणी? क्रोनाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली आणि जानेवारी २००९ पर्यंत महागाई १८ टक्क्यांच्या वर गेली. आता एक तपशील पाहावा. तिथली बहुतेक गृहकर्जे तेव्हा महागाईच्या निर्देशांकाला बांधलेली होती, म्हणजे निर्देशांक चढला की व्याजच नव्हे, मुद्दलही चढायचे. समजा एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावर २ कोटी क्रोनांचे कर्ज आहे. वर्षभरात १८ टक्के महागाई झाली तर एकही हप्ता न चुकवता ते कर्ज २ कोटी ३५ लाखांच्या आसपास जाते, आणि त्याच वेळी घराची किंमत उतरत असते. कोणताही कर न लावता, संसदेत मतदान न घेता, बिल असे घरोघरी पोहोचले. माझा आक्षेप एवढाच आहे की याला 'सामान्य माणसाला वाचवले' म्हणू नये.

बंदरकाठ:

हिशेबनीस, आपले आकडे मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. बँका कोसळल्यावर कोणालाच झळ लागली नाही असा देश आपल्याला सापडणार नाही. म्हणून झळ लागली का हा प्रश्नच नाही, ती कोणाला किती लागली हा आहे.

शेजारच्या आयर्लंडकडे पाहा. २००८ च्या सप्टेंबरअखेरीस त्यांच्या सरकारने प्रमुख बँकांच्या ठेवींनाच नव्हे, बहुतांश देण्यांना हमी दिली. म्हणजे जाणूनबुजून जोखीम घेऊन रोखे विकत घेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांची जबाबदारीसुद्धा करदात्यांनी उचलली. बँकांमध्ये सुमारे ६४ अब्ज युरो ओतले गेले, २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि युरोपीय संघापुढे हात पसरावे लागले आणि बेरोजगारी १५ टक्क्यांवर गेली. आइसलंडमध्येही ती दोनांवरून आठ-नऊ टक्क्यांपर्यंत चढली, नाणेनिधीचे २.१ अब्ज डॉलर घ्यावे लागले, हे मी नाकारत नाही. पण तिथल्या तातडीच्या कायद्याने परतफेडीच्या रांगेत ठेवीदारांना रोखेधारकांच्या पुढे उभे केले. देशातल्या ठेवी आणि कर्जे नव्या बँकांमध्ये हलवली, जुन्या बँकांचे सांगाडे परदेशी धनकोंसाठी मागे ठेवले. नाइलाजाने का होईना, बोजा योग्य खांद्यावर गेला.

चलन उतरण्याबद्दलही आपण एकच बाजू मांडता. क्रोना पडल्यावर मासळी आणि ॲल्युमिनियम निर्यात करणाऱ्यांचे उत्पन्न क्रोनांमध्ये वाढले. आयर्लंडला युरोमुळे ती सोय नव्हती, म्हणून तिथे पगार कापावे लागले.

जुना ठेवीदार:

मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. आमच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत माझी निवृत्तीची रक्कम चार वर्षे अडकली होती. दर सोमवारी बंद शटरपुढे उभे राहून 'पुढच्या आठवड्यात या' हे ऐकण्यात काय असते, ते मला ठाऊक आहे. आइसलंडमध्ये तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या त्या आठवड्यातही शाखा उघड्या होत्या, कार्डे चालत होती, देशातल्या ठेवीदाराला त्याचे पैसे मिळत होते. हिशेबनीस, ही गोष्ट आपल्या संपूर्ण लेखात एका ओळीनेही आलेली नाही.

रोजनिशी:

२०१२ साली मी कामानिमित्त काही महिने रेक्याविकला, म्हणजे आइसलंडच्या राजधानीत होते, म्हणून थोडे पाहिलेले सांगते.

चलननियंत्रणे तेव्हा चार वर्षांची झाली होती आणि ती पूर्ण उठायला २०१७ उजाडले. माझ्या सहकारी बाईंना सुट्टीसाठी परकीय चलन हवे होते, तर बँकेत प्रवासाचे तिकीट दाखवावे लागले. बाई संतापल्या नव्हत्या, त्यांनी पर्समधून कागद काढला तो रेशनकार्ड काढावे तितक्या सवयीने. त्यांच्या भावाने येन आणि स्विस फ्रँकच्या दराला बांधलेले मोटारीचे कर्ज घेतले होते, कारण व्याज कमी होते. क्रोना निम्म्यावर आला आणि येन वधारला, तेव्हा ते कर्ज दुपटीच्याही पुढे गेले. जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे परकीय चलनाला बांधलेले कर्जच बेकायदा ठरवले आणि भाऊ सुटला. बाईंचे स्वतःचे गृहकर्ज मात्र निर्देशांकाचे होते, म्हणजे पूर्णपणे कायदेशीर. त्या म्हणायच्या की घरात जुगारी तो आणि सावध मी, आणि माफी त्याला मिळाली. त्यामुळे 'सामान्य माणूस' असा एकच माणूस तिथे नव्हता, हे दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे.

आणखी एक. लोकांना राग होता, पण त्यांना समजूनही घ्यायचे होते. जानेवारी २००९ मध्ये संसदेसमोर पळ्या-पातेली बडवून त्यांनी सरकार घालवले हे सर्वांना माहीत असते. चौकशी आयोगाचा दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल एप्रिल २०१० मध्ये आला, तेव्हा रेक्याविकच्या नाट्यगृहातील नटनट्यांनी तो आळीपाळीने, रात्रंदिवस, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचला. पारायणच म्हणा ना. आपल्याकडे असे अहवाल सभागृहात 'मांडले' जातात.

कोपऱ्यातला हिशेबनीस:

जुना ठेवीदार यांचा आक्षेप रास्त आहे, मी ते लिहायला हवे होते. मात्र ती हमी देशातल्या ठेवीदारांपुरती होती. लँड्सबँकीच्या 'आइससेव्ह' या ऑनलाइन शाखेत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे ठेवले होते आणि त्यांना आइसलंडने वाऱ्यावर सोडले. त्यांच्या सरकारांनी पैसे दिले, म्हणून ते तरले.

बंदरकाठ:

वाऱ्यावर सोडले म्हणणे अर्धवट आहे. ब्रिटनने त्या बँकेची मालमत्ता गोठवायला दहशतवादविरोधी कायदा वापरला, हेही सांगायला हवे. ब्रिटन आणि नेदरलँड्सची मागणी होती सुमारे ३९० कोटी युरोंची, म्हणजे तान्ह्या बाळासकट दरडोई बारा हजार युरोंची. ती फेडण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रिमसन यांनी सही नाकारली, मार्च २०१० च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली, २०११ मध्ये सुधारित करारही नाकारला गेला, आणि जानेवारी २०१३ मध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) न्यायालयाने आइसलंडच्या बाजूने निकाल दिला. शेवटी लँड्सबँकीची मालमत्ता विकूनच आइससेव्हचे प्राधान्याचे देणे फिटले. म्हणजे पैसे होते, वेळ हवा होता. सार्वमत नसते तर ते ओझे करदात्यांवर पडले असते.

तुरुंगवासही निव्वळ दिखाऊ नव्हता. कतारच्या एका शेखने काउपथिंगचे ५ टक्के समभाग घेतल्याचा गाजावाजा सप्टेंबर २००८ मध्ये झाला, प्रत्यक्षात पैसा काउपथिंगनेच कर्जाऊ दिला होता. त्या प्रकरणात बँकेच्या मुख्याधिकाऱ्याची साडेपाच वर्षांची शिक्षा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

आणि आपल्या निर्देशांकाच्या कर्जांबद्दल. २०१४ मध्ये सरकारने तीच कर्जे कमी करण्याची योजना आणली आणि त्यासाठी बुडालेल्या बँकांच्या सांगाड्यांवर कर बसवला. बिल उशिरा का होईना, धनकोंकडेच गेले.

कोपऱ्यातला हिशेबनीस:

आइससेव्हवर मी माघार घेतो. शिक्षांबद्दल माझा वाद नव्हताच.

२०१४ च्या योजनेचे मात्र दोन भाग होते. सुमारे ८० अब्ज क्रोना मुद्दलातून थेट वजा झाले, ते आपण म्हणता त्या करातून. उरलेले सुमारे ७० अब्ज म्हणजे लोकांच्या स्वतःच्या ऐच्छिक निवृत्तिबचतीतले पैसे होते, ते करमुक्त करून कर्जात भरण्याची त्यांना मुभा दिली, इतकेच. आणि मुद्दलातली कपात मिळाली ती ज्यांच्या नावे घर होते त्यांना. त्याच महागाईत भाड्याच्या घरात राहिलेल्यांच्या नावे मुद्दलच नव्हते, मग वजा कशातून करणार?